बगदादचे तीन दिवस आणि उरलेली शंभर वर्षं

साताऱ्यात वाघनखं आली तेव्हापासून एक वाद आपल्याकडे अधूनमधून उकळी घेतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांसाठी उसनी दिली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, आमचं आम्हाला कायमचं द्या. दुसरा म्हणतो, इंग्रजांनी नेलं म्हणून तरी वाचलं, इथे असतं तर केव्हाच भंगारात गेलं असतं. वाद रंगात आला की दुसऱ्या तटाकडून हुकमाचा पत्ता पडतो: बगदाद. ‘इराकचं संग्रहालय बघा, तीन दिवसांत धुऊन नेलं. बरं झालं, निम्मा माल लंडन, पॅरिस, बर्लिनला होता.’ पहिल्या तटाकडे यावर उत्तर नसतं. ते मग कोहिनूरवर घसरतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बगदादचं उदाहरण नीट पाहिलं तर देणाऱ्यांच्याच अंगावर उलटतं. इराकच्या जमिनीतून निघालेल्या वस्तूंचं घर बगदादला आहे. ते घर धोक्यात असेल तर त्याला टेकू द्यावा. पण धोका आहे म्हणून वस्तू आपल्याकडे ठेवून घेण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. पुरात शेजाऱ्याने आपली ट्रंक माळ्यावर टाकून वाचवली तर आपण जन्मभर त्याचे उपकार मानू. पण पाणी ओसरल्यावर ‘तुमच्या भिंतींना ओल आहे’ म्हणून तो ट्रंक परत द्यायलाच तयार नसेल तर? आणि ती ट्रंक त्याने पुराच्या कितीतरी आधीच उचललेली असेल तर?

आता त्या तीन दिवसांबद्दल. त्यात झाकण्यासारखं काही नाही. लढाई संग्रहालयाच्या दारापर्यंत आली तेव्हा, ८ एप्रिल २००३ रोजी, शेवटचे कर्मचारी बाहेर पडले. १० ते १२ एप्रिल लूट चालली. अमेरिकन रणगाडे पहाऱ्याला येऊन उभे राहिले ते १६ तारखेला. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. त्यांत तळघरातल्या हजारो दंडगोल मुद्रा होत्या. एकेक बोटाच्या पेराएवढी, ओल्या मातीवर फिरवली की तिच्यावरचं अख्खं चित्र उमटतं. मूठभर खिशात टाकली तर कुणाला कळणारही नाही. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं, मीटरभर उंचीचं वारकाचं दगडी पात्र गेलं. त्याच्यावर देवी इनान्नाच्या देवळाकडे टोपल्या भरून नैवेद्य घेऊन निघालेल्या माणसांची रांग कोरलेली आहे. लुटारूंनी ते तळापासून मोडून नेलं. संग्रहालयाचे प्रमुख डॉनी जॉर्ज यांना पुढे २००६ मध्ये, दारं काँक्रीटने बंद करून, देश सोडावा लागला. ते परदेशातच वारले. सामान्य इराकी माणसासाठी संग्रहालय पुन्हा उघडलं ते २०१५ मध्ये. याला कुणी ‘सुरक्षित जागा’ म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

विरोधी बाजूचा याहूनही भक्कम मुद्दा आहे तो उत्तर इराकमधल्या निमरुदचा. २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी मोसुलच्या संग्रहालयातले पुतळे घणाने फोडले, मग निमरुदचा असिरियन राजवाडा स्फोटकांनी उडवला. माणसाचं डोकं, बैलाचं किंवा सिंहाचं धड आणि पंख असलेले तिथले द्वारपाल एकोणिसाव्या शतकात इंग्रज उत्खनक लेयार्डने लंडनला नेले नसते, तर तेही त्या धुळीत गेले असते. हे खरं आहे. लंडनमधले द्वारपाल आज उभे आहेत, निमरुदच्या दारातले नाहीत. या मुद्द्याला ‘पण ते चोरलेले आहेत’ असं उत्तर देणारे वाद हरतात आणि हरणंच योग्य आहे, कारण ते समोरच्याचं म्हणणं ऐकतच नाहीत.

पण याच मुद्द्यात एक गोष्ट सोडून दिलेली असते. बगदादच्या संग्रहालयातले असिरियन द्वारपालही आज उभे आहेत. मोसुलमध्ये फोडलेल्या पुतळ्यांपैकी काही प्लास्टरच्या नकला निघाल्या. त्यांचे अस्सल नमुने आधीपासून बगदादला होते. म्हणजे त्या वर्षी ज्या वस्तू वाचल्या त्यांतल्या कितीतरी इराकच्याच राष्ट्रीय संग्रहालयाने वाचवल्या. मोसुलच्या तोडफोडीची चित्रफीत २६ फेब्रुवारीला जगाने पाहिली आणि २८ फेब्रुवारीला बगदादने आपली दालनं लोकांसाठी उघडली. घरावर दगड पडत असताना दार उघडून दिवा लावणाऱ्याला आपण काय म्हणू? निष्काळजी तर नक्कीच नाही.

दुसरं, हा धोका आभाळातून पडला का? १९९० पासून निर्बंध आले आणि पुरातत्त्व खात्याला साध्या रसायनांची, फोटोच्या फिल्मची मारामार झाली. १९९१ च्या युद्धानंतरच्या बंडाळीत प्रांतोप्रांतीची संग्रहालयं लुटली गेली, सुमारे चार हजार वस्तू गेल्या. २००३ ची लूट तर तारीख-वार सांगून आल्यासारखी होती. शिकागोचे पुरातत्त्वज्ञ मॅकग्वायर गिब्सन जानेवारीतच पेंटॅगॉनमध्ये जाऊन सावध करून आले होते. युद्धानंतरच्या कारभारासाठी नेमलेल्या अमेरिकन कार्यालयाने पहाऱ्याच्या इमारतींची यादी केली, तिच्यात संग्रहालय मध्यवर्ती बँकेच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होतं. प्रत्यक्षात पहारा बसला तो तेल मंत्रालयावर. लुटीबद्दल विचारल्यावर संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचं उत्तर होतं: अशा गोष्टी घडतातच. या स्वारीत ब्रिटन सामील होता, म्हणजे ज्या देशाची राजधानी आपण ‘सुरक्षित’ म्हणून दाखवतो तोच. इथे लगेच सांगायला हवं की ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक म्हणजे ब्रिटिश सैन्य नव्हे. बॅबिलोनच्या अवशेषांवर तळ ठोकून सैन्याने काय नासधूस केली याचा स्पष्ट अहवाल त्याच म्युझियमच्या जॉन कर्टिस यांनी लिहिला. त्या माणसाला दाद द्यावी. पण घर पेटवणाऱ्यांच्याच गावात ‘तुमच्या घरात आगीचा धोका आहे, भांडी इकडेच राहू द्या’ असं म्हटलं जात असेल, तर दाद देतादेता हसूही येणारच.

तीन दिवसांची गोष्ट सांगणाऱ्यांना आधीचे दिवस ठाऊक नसतात आणि नंतरचेही. युद्ध येणार हे दिसताच संग्रहालयाच्या लोकांनी दालनांतल्या ८,३६६ वस्तू काढून एका गुप्त जागी हलवल्या आणि कुराणावर हात ठेवून शपथ घेतली की जागा कुणाला सांगायची नाही. लुटीनंतर अमेरिकन तपास अधिकारी विचारत राहिले, तरी कितीतरी दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. निमरुदच्या राण्यांचं सोनं मध्यवर्ती बँकेच्या तळघरात, पाण्याखाली, जसंच्या तसं सापडलं. त्या सोन्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्याच टेकाडावर एकोणिसाव्या शतकात लेयार्ड खणून गेला, विसाव्यात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॅलोवन खणून गेले. राण्यांची थडगी मात्र १९८८-८९ मध्ये इराकी पुरातत्त्वज्ञ मुजाहिम महमूद यांना सापडली, कारण एका खोलीतल्या फरशीच्या विटा कुणीतरी हलवून पुन्हा बसवल्यासारख्या दिसतात हे त्यांच्या नजरेने टिपलं. ‘त्यांना आपल्या ठेव्याची किंमत नाही’ हे वाक्य अशा वेळी नेमकं कुणाबद्दल म्हणायचं?

आणि नंतरचे दिवस. ‘आणून द्या, काही विचारणार नाही’ अशी हाक दिली गेली आणि बगदादच्या साध्या माणसांनी सुमारे दोन हजार वस्तू आणून दिल्या. जूनमध्ये एका गाडीच्या डिकीतून वारकाचं पात्र परत आलं, तुकड्यांत, पण आलं. उरुकच्या स्त्रीचा संगमरवरी चेहरा एका परसात पुरलेला मिळाला. बासेत्कीचा तांब्याचा पुतळा, अक्कदचा राजा नराम-सिन याचं नाव कोरलेला, दीडशे किलोंचा, सांडपाण्याच्या खड्ड्यातून बाहेर काढला. यातलं काही धाडी घालून मिळालं, काही भीतीपोटी परत आलं, हेही खरं. पण कुठल्या शहरात लुटीनंतर लोक दोन हजार वस्तू आणून देतात? आपल्या गावात सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं तरी परत येतात का?

सुरक्षिततेच्या मुद्द्याची दुसरी बाजू तर कुणी उलटून पाहतच नाही. युरोपात गेलेलं सगळं सुखरूप राहिलं का? १८५५ मध्ये फ्रेंचांनी खोर्साबाद आणि बॅबिलोनहून भरलेल्या दोनशेहून अधिक पेट्या टायग्रिस-युफ्रेटिसच्या संगमाजवळ कुर्ना इथे नदीत बुडाल्या. बहुतेक माल आजही तळाशी गाळात आहे. सीरियातल्या तेल हलाफचे प्रचंड काळे पुतळे बर्लिनला नेले होते. नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते संग्रहालय पेटलं, तापलेल्या दगडावर बंबांचं गार पाणी पडलं आणि पुतळ्यांचे सत्तावीस हजार तुकडे झाले. ते जुळवण्याचं काम या शतकात झालं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनेच २०२३ मध्ये कबूल केलं की सुमारे दोन हजार वस्तू त्यांच्या साठ्यातून गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या. तिथे जमाव शिरला नव्हता, युद्ध नव्हतं. जे गेलं ते आतूनच गेलं आणि आधी दिलेला इशारा दुर्लक्षिला गेला होता. आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मेजर गिलने कित्येक वर्षं खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या. १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या. मूळ चित्रं वाघूर नदीच्या काठावर, ओलीत, वटवाघळांच्या सोबतीने, अजून आहेत.

मी काही बर्लिनच्या राखेवर आनंद मानत नाही. मुद्दा एवढाच की १९४३ नंतर कुणीही म्हटलं नाही की जर्मन लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत, त्यांच्या ड्यूरर आणि क्रानाख या चित्रकारांची चित्रं काढून स्वित्झर्लंडला द्या. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमाव चालून गेला, ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. आपल्याला लाज वाटली, राग आला. पण उरलेली हस्तलिखितं ऑक्सफर्डला पाठवा असं कुणी सुचवलं असतं तर ‘इंग्रजांनी नेलं म्हणून वाचलं’ म्हणणाऱ्या काकांनीही त्याला उभं केलं नसतं. स्वतःच्या घरातला हल्ला हा अपघात आणि बगदादमधला हल्ला हा त्या लोकांचा स्वभाव, असं आपण कधी ठरवलं?

‘जगाला पाहता यावं’ हाही एक युक्तिवाद असतो आणि तो वरकरणी फार उदार वाटतो. बॅबिलोनचं निळं इश्तार द्वार बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात आहे. ते संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे आणि द्वार असलेली बाजू २०३७ पर्यंत उघडणार नाही असं तेच सांगतात. तोपर्यंत बर्लिनकराला ते दिसत नाही, बगदादकराला तर नाहीच. आणि उघडं होतं तेव्हा तरी बॅबिलोनशेजारच्या हिल्ल्याच्या शाळामास्तराला जर्मनीचा व्हिसा किती सहज मिळत होता? जग म्हणजे ज्यांच्या पासपोर्टावर शिक्के लवकर पडतात ते लोक, अशी व्याख्या असेल तर तसं स्पष्ट म्हणावं.

यावर चतुर वाचक म्हणेल, अहो, ते संग्रहालयही इंग्रजांनीच काढलं ना? काढलं. गर्ट्रूड बेल या ब्रिटिश अधिकारी बाईंनी आधी कचेरीच्या खोलीत वस्तू जमवल्या, १९२४ चा पुरातत्त्व कायदा केला, १९२६ च्या जूनमध्ये संग्रहालय उभं केलं आणि पुढच्याच महिन्यात त्या वारल्या. त्यांचं श्रेय काढून घेण्यात अर्थ नाही. पण त्या कायद्याने उत्खननात निघालेल्या वस्तू परदेशी मोहिमा आणि इराक यांच्यात वाटून घेण्याची सोय ठेवली होती. ऊर या प्राचीन सुमेरियन शहरातल्या वाटणीत एका सोन्याच्या भुंग्यासाठी बेल आणि तिथल्या खोदकामाचे प्रमुख वूली यांनी चक्क नाणेफेक केली. इराकमध्ये तेव्हा चलन होतं ते आपला रुपया. साम्राज्याचा सगळा कारभार त्या एका नाण्यात दिसतो! पुढे १९३४ मध्ये साती अल्-हुसरी हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले, १९३६ च्या कायद्याने वाटणी आवळली, १९७४ मध्ये ती बंद झाली. दरम्यान ताहा बाकिर, फुआद सफर यांच्यासारख्या इराकी विद्वानांची पिढी तयार झाली. बगदादच्या वेशीवर तेल हरमल इथे या पिढीच्या खोदकामातून एश्नुन्ना या प्राचीन राज्याचा कायदा लिहिलेल्या मातीच्या पाट्या निघाल्या. तो हम्मुराबीच्या कायद्याहून जुना. पॅरिसच्या संग्रहालयातला हम्मुराबी आपल्या शाळेच्या पुस्तकात असतो, बगदादचा एश्नुन्ना नसतो.

शिवाय संग्रहालय ही कल्पना तिथे इंग्रजांच्या बोटीतून आली असंही नाही. ऊरला खणताना वूलींना एका खोलीत वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकाच जमिनीवर सापडल्या आणि ते बुचकळ्यात पडले. मग एक मातीचा दंडगोल मिळाला. त्यावर जुन्या लेखाची नक्कल आणि तो कुठे सापडला याची नोंद होती. म्हणजे दालनातली माहितीपट्टीच. बॅबिलोनचा राजा नबोनिडस याची मुलगी, ऊरची मुख्य पुजारीण एन्निगाल्दी, हिचा तो संग्रह असावा असं मानतात. ख्रिस्तपूर्व सहावं शतक. तेव्हा लंडन नावाचं शहर वसायचं होतं.

मला विचाराल तर बगदादच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा सुरक्षिततेचा नाहीच, तो मांडणीचा आहे. तिथे सुरुवात गुहांत राहणाऱ्या माणसांच्या दगडी हत्यारांपासून होते. मग सुमेर, अक्कद, बॅबिलोन, असिरिया, वाळवंटातलं हात्रा, सासानी काळ, आणि पुढे चालत तुम्ही अब्बासी खलिफांच्या बगदादला येता. खासकी मशिदीतला एकाच संगमरवरी दगडातून कोरलेला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, तिथे आहे. त्याच्यावरची वेलबुट्टी पाहताना आधीच्या दालनांतली पानं-फुलं आठवतात. एका देशाची गोष्ट एका छपराखाली, तुटक न होता. लंडनला किंवा पॅरिसला हीच गोष्ट मधोमध कापलेली असते. असिरिया एका विभागात, ‘संस्कृतीचा पाळणा’ म्हणून, म्हणजे पर्यायाने युरोपाचं बालपण म्हणून. आणि अब्बासींची राजधानी राहिलेलं समारा दुसऱ्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर, ‘इस्लामी कला’ म्हणून, स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंतच्या सुरया-गालिच्यांच्या शेजारी. प्राचीन ते सगळ्या मानवजातीचं, मध्ययुगीन ते फक्त त्यांचं, अशी ही विभागणी. पहिल्या भागाचे वारसदार होण्याचा हक्क त्यामुळे इराकी माणसाच्या हातून अलगद सुटतो. समाराच्या मातीकामाची कथा तर आणखी बोलकी आहे. जर्मन अभ्यासक हर्झफेल्डने पहिल्या महायुद्धाआधी ते खणून पेट्यांत भरलं. १९१७ मध्ये बगदाद इंग्रजांनी घेतलं. त्या फौजेत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता, आणि त्याआधी कुतच्या वेढ्यात उपाशी मरून शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनचं तर नावच आपल्या गावाचं. पेट्या लंडनला गेल्या आणि तिथून अनेक देशांच्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या. एका राजवाड्याची भिंत, पंगतीत बुंदी वाढावी तशी.

‘आजच्या इराकींचा सुमेरियन लोकांशी संबंध काय? भाषा वेगळी, धर्म वेगळा.’ हा आक्षेप विद्वत्तेच्या आवाजात येतो म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. अजिंठा कोरणाऱ्या भिक्खूंचा धर्म आज आपल्यापैकी बहुसंख्यांचा नाही, नाणेघाटातली प्राकृत आपण शिकल्याशिवाय वाचू शकत नाही, आणि १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी जगासमोर आली ती शिकारीला गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे. तरी सातवाहन आमचे म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, अडखळूही नये. जमीन, पाणी, शेत आणि त्या अवशेषांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, एवढा संबंध आपल्याला पुरतो. मग इराकींना का पुरू नये?

इतिहासात या वादाचा एक निकाल लागून गेलेला आहे, आणि तो देण्यात इंग्रजच पुढे होते. नेपोलियनने इटलीतून पुतळे, चित्रं, व्हेनिसचे ते चार प्रसिद्ध घोडे पॅरिसला नेले. त्याचीही सबब हीच की या वस्तू पॅरिसला जास्त चांगल्या सांभाळल्या जातील, सगळ्या युरोपला पाहता येतील. वॉटर्लूनंतर १८१५ मध्ये दोस्तांनी त्यातला मोठा भाग परत पाठवायला लावला. परतीच्या बाजूने ठाम उभा राहिला तो वेलिंग्टन. बारा वर्षांपूर्वी असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला तोच. तेव्हाची इटली म्हणजे फुटलेली, दरिद्री, व्हेनिस तर ऑस्ट्रियाच्या ताब्यात. ‘तुमच्याकडे आर्द्रता-नियंत्रण आहे का, राजकीय स्थैर्य आहे का’ असं कुणी पोपला विचारलं नाही. ज्याचं त्याला गेलं. पुढे नियम बदलला, कारण पुढे वस्तू येत होत्या त्या वेगळ्या दिशेने.

मी सरसकट ‘सगळं परत’ म्हणणाऱ्यांतला नाही. कायद्याने, वाटणी होऊन गेलेली वस्तू आणि युद्धात उचललेली पेटी यांत फरक करायला हवा; एकाच तराजूत तोलल्या तर दुसरीचाही दावा दुबळा होतो. इराकी सरकारांनी वारशाचा तमाशा केला, हेही लपवू नये. सद्दामने बॅबिलोनच्या प्राचीन पायांवर नव्या भिंती चढवल्या आणि विटांवर स्वतःचं नाव उमटवलं.

आणि एका ठिकाणी माझा युक्तिवाद खरोखर अडखळतो. मे २००३ मध्ये बगदादच्या गुप्तचर खात्याच्या पाण्याने भरलेल्या तळघरात इराकी ज्यूंची हजारो पुस्तकं आणि कागद सापडले. ते अमेरिकेला नेऊन वाळवले, दुरुस्त केले. ते परत कुणाला द्यायचे? बगदादचे ज्यू दोन-अडीच हजार वर्षं तिथले. १९४१ च्या दंगलीनंतर आणि १९५०-५१ च्या स्थलांतरानंतर जवळजवळ कुणी उरलं नाही. त्यांचे कागद सरकारने बळकावलेले होते. पुण्याचं लाल देऊळ आणि ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावाशी जोडलेलं आहे ते डेव्हिड ससून बगदादहूनच जाच चुकवून मुंबईला आले होते. त्या माणसांच्या वंशजांना ‘जमिनीचा वारसा जमिनीला’ हे माझं सूत्र मी कोणत्या तोंडाने ऐकवू? ज्या देशाने माणसं हाकलली त्याला त्यांची पोथी मागण्याचा हक्क आहे का? मला वाटतं, नाही. पण मग माझ्या सूत्राला भोक पडतं, आणि ते तसंच ठेवलेलं बरं.

सांभाळण्याच्या युक्तिवादाचा एक व्यवहारी परिणामही आहे. ‘तिथे नष्टच झालं असतं’ हे वाक्य लुटीच्या मालाचा प्रत्येक दलाल गिऱ्हाइकाला ऐकवू शकतो. हॉबी लॉबी या अमेरिकन दुकान-साखळीने इराकी मातीच्या पाट्या फरशांचे नमुने म्हणून आयात केल्या आणि २०१७ मध्ये तीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. गिल्गमेशच्या स्वप्नाची पाटीही तिने सोळा लाख डॉलरांहून अधिक देऊन घेतली होती. ती २०२१ मध्ये इराकला परत गेली. त्याच वर्षी अमेरिकेतून सुमारे १७,००० वस्तू बगदादला परतल्या. चोरणारा हात इराकी होता, मान्य. पण पैसे मोजणारा?

आता आपल्याच दारातली गोष्ट. लेयार्डच्या उत्खननातला माल टायग्रिसमधून बसऱ्याला, ज्या बसऱ्याचे मोती आपल्या आज्यांच्या नथीत असत तिथे यायचा, आणि बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायचा. मुंबईत पेट्या उघडून लोकांनी त्या वस्तू पाहिल्या, पुन्हा भरताना गोंधळ झाला, आणि लेयार्ड त्यावर चिडला होता. असिरियन राजवाड्यांच्या भिंतींवरचे काही शिल्पपट्ट मुंबईतच राहिले. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. उत्तम ठेवलेले आहेत. इस्लामिक स्टेटच्या घणापासून वाचलेही आहेत. लंडनने वाघनखांबद्दल जे जे म्हणावं ते सगळं मुंबई या दगडांबद्दल शब्दशः म्हणू शकते.

मग बगदादने उद्या मागणी केली तर? माझ्या मते मुंबईने मागणीची वाटही पाहू नये, आपणहून बोलणी सुरू करावी. निदान काही वर्षांसाठी उसने तरी पाठवावेत, साताऱ्याला वाघनखं आली तसे. हे मी आमच्या ग्रुपवर लिहिलं आणि विचारलं की कुणाचं काय मत आहे. दोन्ही तट गप्प. अर्ध्या तासाने कुणीतरी शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकलं.